रुळावरचं हळदीकुंकू

आमच्या घरी मशीन आलं आणि आबा आले, ते एकाच वर्षी. मशीन ट्रकमधून आलं, आबा एसटीनं. मशीन आलं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. दोर लावले, पहारी लावल्या, कुणाचा अंगठा चेंगरला, नारळ फुटला, पेढे वाटले. आबा आले तेव्हा मी घरात एकटी होते आणि कणीक मळत होते. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात चेनची मोठी बॅग, डोक्यावर टोपी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबून म्हणाले, "आलो गं पोरी. चार दिस राहतो आन् जातो."

आबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी दौंडला रेल्वेत गेली. माझ्या सासूबाई वारल्या त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं त्यांची स्वतःची एक खोली होती, रिटायर झाल्यावर घेतलेली. तिथं एकटे राहायचे, स्टोव्हवर भात टाकायचे आणि तोच दोन्ही वेळेला खायचे. आम्ही शिरूरहून निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठं आले, ते पण चार दिवसांच्या बोलीवर.

कपड्यांची पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली. बॅग मात्र खाटेखाली सरकवली, ती तशीच. चेनला हात नाही. त्यात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण तेराव्यानंतर मीच ती भरली होती. सासूबाईंची लुगडी होती त्यात. वापरून वापरून लोण्यासारखी मऊ झालेली, एकाचा काठ हिरवा, एकाचा लाल, एक अगदी विटलेलं. आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या कपड्यांची गोधडी शिवतात. म्हणून मी एकदा सहज म्हटलं, "आबा, आईंच्या लुगड्यांची गोधडी टाकते शिवायला. थंडीत तुम्हालाच होईल." तर म्हणाले, "राहू दे. मला परत न्यायचीत ती."

परत न्यायचीत. हे मला फार लागलं. आता तुम्ही म्हणाल, सुनेला सासऱ्याचं एवढं काय? तर सांगते. मला बाप नाही. मी पाळण्यात असतानाच गेला, मला त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले, तर पहिल्याच आठवड्यात मला हा ताप भरला. नवी नवरी, सांगणार कुणाला? तशीच भाकऱ्या थापत बसले. आबा ड्युटीवरून आले, माझ्याकडं बघितलं आणि जवळ येऊन हाताची पाठ माझ्या कपाळाला लावली. तळवा नाही, पाठ. म्हणाले, "ही गरम झालीया. हिला झोपू द्या." आणि स्वतः परातीशी बसले! सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि हसत हसत त्यांना उठवलं. त्या दिवसापासून मला बाप मिळाला, मी तर असंच धरून चालले होते.

ती हाताची पाठ लावायची सवय रेल्वेतली. आबा कॅरेजमध्ये, म्हणजे डब्यांची तपासणी करणाऱ्या खात्यात होते. गाडी दौंडला उभी राहिली की हे एका बाजूनं चालत निघायचे आणि प्रत्येक चाकाच्या बेअरिंगच्या डब्याला हाताची पाठ लावून बघायचे, तापलाय का. तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला खरं कळत नाही, आणि चटका बसला तर पुढं काम करायचं कशानं? म्हणून हाताची पाठ. गाडीतले लोक तेव्हा खिडकीतून भजी घेत असायचे. खाली एक माणूस चाकांना ताप आलाय का ते बघतोय, हे त्यांच्या गावीही नसायचं.

आता मशीनचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सणसवाडीच्या एका कंपनीत मशीनवर होते. हाताला गुण, पण राग नाकावर. साहेबाशी कशावरून तरी वाजलं, नोकरी सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे लाकूड कोरायचं मशीन आणून ठेवलं. सीएनसी राऊटर. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, खाली फळी बांधायची, की मशीन आपलं आपण जाऊन मोर, वेल, गणपती कोरून काढतं. तेव्हा शिरूरला हे नवलच होतं. नवीन बंगले उठत होते, प्रत्येकाला कोरीव दार पाहिजे, कोरीव देव्हारा पाहिजे. कोरलेलं घासायचं काम माझं. दिवसभर पॉलिशपेपर घेऊन बसायचे. भुसा तर विचारू नका. केसांत भुसा, पिठाच्या डब्यात भुसा, बाई, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला तरी आत भुसा.

त्या मशीनचा जीव त्याच्या रेलमध्ये. दोन्ही बाजूंना चकचकीत लोखंडी रेल, त्यावर तळहाताएवढे लोखंडी ब्लॉक पळतात आणि ब्लॉकच्या आत बारीक बारीक गोळ्या फिरतात. त्या गोळ्यांवर सगळं ओझं तरंगतं. रेलवर भुसा बसला आणि आत गेला की गोळ्या अडायला लागतात, मशीन दचके खातं आणि मोराच्या मानेला कंगोरे पडतात. मालकांना हे सगळं येत होतं. पण एकटा माणूस, गिऱ्हाईकं डोक्यावर, रोज पुसणार कधी?

आबा पहिले काही दिवस शेडच्या दाराशी स्टूल टाकून नुसते बसायचे. बसायचे तेही अंग चोरून, पाहुण्यासारखे. एक दिवस मशीन चालू असताना म्हणाले, "तुझं मशीन रडतंय रं."

मालक म्हणाले, "मशीन कुठं रडतं व्हय आबा?"

"डाव्या अंगाला. मागच्या डब्यात. बघ तरी."

बघितलं, तर डाव्या बाजूच्या ब्लॉकच्या तोंडाशी भुशाचा थर दाबून बसलेला. मालकांनी तो काढला, आवाज गेला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आबांना मशीनजवळ घेऊन गेले आणि शिकवायला लागले. मी घासता घासता ऐकत होते. "हे बघा आबा, ही रेल उघडी हाय. हितं तुमच्या रेल्वेवानी ग्रीस थापायचं न्हाई. भुसा चिकटून त्याचं लगदं हुत्यात. आधी ब्रशनं झाडायचं, मग कापडानं पुसायचं, मग ऑईलचा नुसता हात फिरवायचा. ग्रीस फक्त ब्लॉकच्या ह्या बोंडातनं आत सोडायची, आन् ती बी जराशीच."

"म्हंजी अंगाला तेल आन् पोटात तूप," आबा म्हणाले.

बापलेक दोघंही हसले. सासूबाई गेल्यावर आबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या काळात लोडशेडिंग होतं. रोज ठराविक तासांना वीज जायची आणि आख्खं गाव महावितरणला शिव्या घालायचं. आमच्याकडं वीज गेली की आबांची ड्युटी सुरू. टोपी खुंटीला, बाह्या वर. रंगाचा जुना ब्रश घेऊन आधी कोपरे झाडायचे. मग कापड. मालकांनी बाजारातून सुताचा गुंता आणून दिला होता, कारखान्यात वापरतात तो. आबांना तो पसंत नव्हता. त्याचे धागे सुटतात आणि ब्लॉकच्या तोंडात जातात म्हणायचे. म्हणून त्यांनी स्वतःची जुनी धोतरं फाडली. रेल या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पुसायची, मध्ये थांबायचं नाही. मग बोटावर ऑईल घ्यायचं आणि रेलवरून बोट असं न्यायचं, की बाळाच्या डोळ्यांत काजळ घालतोय. शेवटी एकेका ब्लॉकला हाताची पाठ. मी हसायचे. "आबा, बंद मशीनला कसला आलाय ताप?" तर म्हणायचे, "सवय गं."

चार दिवसांचे महिने झाले. दर सोमवारी म्हणायचे, "येत्या आइतवारी जातो." आणि रविवारी काहीतरी निघायचं. ग्रीस संपलेली असायची, नाहीतर मोठी ऑर्डर असायची. मी मुद्दामच काढायचे म्हणा की! बॅग मात्र खाटेखाली तशीच. मी रोज केर काढताना ती पुढं ओढायचे, खालचं झाडायचे आणि परत मागं सरकवायचे. रोज मनात म्हणायचे, आज नाही उघडली, उद्या उघडतील.

मग आली खंडेनवमी.

आता हत्यारांची पूजा कोण करत नाही? शेतकरी नांगराची करतो, शिंपी कात्रीची करतो, एसटीचे लोक एसटीला हार घालतात. आमचं तर हे पहिलंच मशीन. आबांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. दौंडला कॅरेजमध्ये खंडेनवमी कशी व्हायची ते मला सांगत होते. गाडीच्या एकेका डब्याच्या एकेका चाकाला पूजा, बेअरिंगच्या प्रत्येक डब्याला हळदीकुंकवाची बोटं, साहेबसुद्धा चप्पल काढून उभा राहायचा. अगदी तस्संच करायचं त्यांच्या मनात होतं. मशीन लखलखीत पुसलं. झेंडूचे हार मी केले. आबांनी वाटीत हळद कालवली, कुंकू कालवलं आणि प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाला, जिथं ब्लॉक रेलला टेकतो तिथंच, पाच पाच बोटं ओढली. रेलवरही ओढली. वर अक्षता. मालकांनी मशीनच्या टेबलावरच नारळ फोडला, पाणी उडालं ते सगळीकडं. आबांनी टोपी काढून हात जोडले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. इतके निवांत ते मला त्या घरात कधी दिसले नव्हते. मला वाटलं, झालं, आता हे इथले झाले.

दसऱ्याला मशीन बंदच. दसरा झाल्यावर आबांनी हार उतरवले, अक्षता झाडल्या. कापड हातात घेतलं आणि थांबले. मला म्हणाले, "कुंकू कसं पुसायचं गं?"

खरंच, कसं पुसायचं? कुंकू पुसत नाहीत. बाईच्या कपाळाचं नाही, देवाचं नाही, मग ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याचं कसं पुसायचं? आणि वर्षही झालं नव्हतं, त्या माणसानं बायकोला सवाष्ण म्हणून लाल मळवट भरून बोळवलं होतं. त्यांना ते कापड कुंकवावर फिरवणं होईना. मालकही तिथंच होते. ते म्हणाले, "राहू द्या आबा, आपोआप जाईल."

आपोआप गेलं ते आत गेलं. दौंडच्या गाडीचा बेअरिंगचा डबा बंद असतो, त्याला वरून कितीही कुंकू लावा, बेअरिंगला कळतसुद्धा नाही. इथं रेल उघडी. वाळलेली हळद, कुंकू, अक्षतेचा चुरा आणि वरून आबांच्या बोटाचं ऑईल, सगळ्याची चटणी होऊन गोळ्यांमध्ये गेली. मशीन दोन दिवस कुंथत चाललं. तिसऱ्या दिवशी सागाच्या फळीवर देव्हाऱ्याचा मोर कोरत असताना एकदम अडकलं, खाडकन आवाज झाला आणि मोराची मान तुटून पडली. गिऱ्हाइकाचं लाकूड, वास्तुशांत जवळ आलेली.

मालकांनी मशीन बंद केलं. रेलवरून बोट फिरवून बघितलं. बोटाला तांबडं-पिवळं किटण. मग जो आवाज चढला! "सोन्यासारख्या मशीनची वाट लावली! हितं काय तुमची मालगाडी हाय का? तुमची रेल्वे तिकडं दौंडलाच ठिवा! हात लावायचा न्हाई माझ्या मशीनला!"

आबा स्टुलावरून उठले. मालक तशाच रागात पाना घेऊन ब्लॉक सोडवायला लागले. तो ब्लॉक रेलवरून असा सरळ ओढून काढायचा नसतो, हे त्यांनीच आबांना शिकवलं होतं. पण राग आला की अक्कल गहाण. ओढला, आणि आतल्या गोळ्या भुरभुर करत खाली सांडल्या, भुशात. मोहरीएवढ्या नसल्या तरी हरभऱ्याहून बारीक. आबा लगेच खाली वाकले, गुडघे धरून, आणि वेचायला लागले.

"राहू द्या म्हटलं ना!" मालक ओरडले.

आबांच्या हातात होत्या तेवढ्या गोळ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. हात धोतराला पुसला. घरात गेले, कपड्यांची पिशवी काढली, खाटेखालची बॅग काढली. मी आडवी झाले, पाया पडले, रडले. तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नगं पोरी. चार दिस म्हनलो व्हतो, लई झालं की." आणि गेले.

मग मी शेडमध्ये गेले. माझ्याही तोंडाचा पट्टा काही कमी नाही. म्हटलं, "नारळ कुणी फोडला मशीनवर? तुम्ही. पाणी कुठं उडालं ते तवा दिसलं न्हाई? आपोआप जाईल कोण म्हणालं? तुम्हीच. आन् गोळ्या कुणी सांडल्या? का त्या पण आबांनीच? लोकाला शिकवायचं आणि आपण शेण खायचं. मशीनचं दुसरं बेअरिंग येईल पुण्याहून. बापाचं कुठनं आणाल?"

मालक खाली मान घालून बसून राहिले. मला वाटलं, आता माझ्यावर येतील. आले नाहीत. म्हणाले, "मला बी कळतंय. पर तोंडातनं गेलं."

तोंडातून गेलं ते परत घ्यायला मात्र जाईनात! बाप तसा लेक, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पुण्याहून नवा ब्लॉक यायला वेळ होता. मशीन बंद, शेड बंद, घरात दोघांची तोंडं दोन दिशेला. मी रोज केर काढताना खाटेखाली हात घालायचे आणि हात रिकामाच फिरायचा. एका सकाळी उठले, सांडलेल्या गोळ्या वेचल्या होत्या त्या रॉकेलमध्ये धुतल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या. तो ब्लॉक फडक्यात गुंडाळला. भाकरी-कालवण करून ठेवलं आणि मालकांना सांगितलं, "मी दौंडला चाललेय. आबा आले तर त्यांच्यासंगं येईन. न्हाई आले तर मी तिथंच राहीन, त्यांना भात करून घालायला. तुम्ही बसा मशीन पुसत."

न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले. डबा मांडीवर. शेजारच्या मावशींनी दोनदा डब्याकडं बघितलं. खड्ड्यात गाडी आदळली की आत खुळखुळायचं. शेवटी त्यांनी विचारलंच, "शेंगदाणं हायती का काय?"

"बेअरिंगच्या गोळ्या हायत मावशी. सासऱ्यांना घेऊन चाललेय."

मावशी खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत बसल्या, दौंड येईपर्यंत परत बोलल्या नाहीत.

आबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते. माझ्याकडं बघून आधी आनंदले, मग मागं कुणी आहे का बघितलं. कुणी नव्हतं. "त्यानं धाडलं?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही, माझी मी आले." मग सरकून मला बसायला जागा केली.

मी पाणी प्यायले, चहा टाकला. खोलीत नजर फिरवली, तर खाटेखाली ती बॅग. चेन तशीच बंद. मी म्हटलं, "आबा, इथं येऊन तर ही उघडायची." ते म्हणाले, "हितं तरी कुणापुढं उघडू?" आणि मला एकदम कळलं. मी इतके महिने समजत होते, की आमच्याकडं मन रमत नाही म्हणून ती बॅग बंद आहे, दौंडला त्यांचं घर आहे. दौंडलाही नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाच त्यांचं घर उठलं होतं आणि ते ती बॅग घेऊन दोन गावांच्या मध्ये फिरत होते. मला चहा गाळताना दिसेना. इतकं वाईट मला माझ्या माहेरच्या कुणाचंही वाटलं नव्हतं.

डोळे पुसले आणि ब्लॉक त्यांच्यापुढं ठेवला. डबा उघडला. म्हटलं, "हे आम्हाला जमत नाही. भरून द्या."

आबांनी हात मागं घेतला. "हात लावू नगं म्हनलाय त्यो."

"त्यांच्या मशीनला म्हणालेत. हे मशीन कुठाय? हे लोखंड आहे, मी आणलंय."

आबा गालात हसले. मग उठले, स्टोव्हचं रॉकेल वाटीत घेतलं, ब्लॉक त्यात बुडवला आणि काडीला चिंधी लावून आतल्या खाचा पुसायला लागले. रॉकेल आधी तांबडं झालं, मग पिवळं झालं. कुठल्याशा पत्र्याच्या डबीत जुनी रेल्वेची घट्ट ग्रीस होती. ती खाचेत बोटानं लावायची आणि एकेक गोळी उचलून तिच्यात बसवायची, म्हणजे पडत नाही. मी गोळी द्यायची, ते बसवायचे. बसवता बसवता बोलत होते. बायकोचं बोलत होते. तिला मिश्रीचा वास कसा यायचा, रात्रपाळीला ती डब्यात काय द्यायची. महिनोन्महिने आमच्याकडं राहिले, पण तिचं नाव काढलं नव्हतं. शेवटी डबा रिकामा झाला, तर एका खाचेत जागा उरलेली. गोळ्या कमी पडत होत्या. आबांनी ब्लॉक खाली ठेवला. "न्हाई व्हायचा हा," म्हणाले. "ऱ्हायल्यात कुठंतरी."

आम्ही दोघं त्या अर्ध्या ब्लॉककडं बघत बसलो. वाटलं, आता हे निमित्तही संपलं.

दुपार कलली होती. बाहेर मोटारसायकल थांबली. आवाजावरूनच मी ओळखली, पण उठले नाही. मालक दारात आले. शर्टाला, भुवयांना सगळा भुसा. आत यायचं की नाही, ते कळेना म्हणून चौकटीला धरून उभे. मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि आबांपुढं धरली. "लोहचुंबक बांधून आख्खी शेड फिरलो आबा. ह्या ऱ्हायल्या व्हत्या."

आबांनी पुडी घेतली नाही. आधी उठून त्याच्याजवळ गेले आणि हाताची पाठ त्याच्या मानेला लावली. म्हणाले, "उन्हातनं आलास. तापलायस. आधी पानी पी."

एवढा दांडगा माणूस, दारातच बसून रडायला लागला. "चला आबा. मला तुमच्याबिगर जमत न्हाई. मशीनचं म्हणत न्हाई मी." मी तांब्या घेऊन उभी, मी पण रडतेय. आबा एकटेच तेवढे शहाणे. त्यांनी पुडी उघडली, राहिलेल्या गोळ्या बसवल्या आणि लेकाला म्हणाले, "रेलच्या मापाची लाकडाची चिपाटी कर आता. तिच्यावर चढवून न्यावा लागंल, न्हाईतर परत सांडतील."

जाताना बापलेक मोटारसायकलवर, मधे ती बॅग, आबांच्या मांडीवर ब्लॉक. मी एसटीनं. माझ्या आधी पोहोचले होते. पोहोचल्यावर बघते, तर बॅग परत खाटेखाली. बरं, आलेत तेवढंच पुष्कळ, असं म्हणून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक चढवला. हातानं ढकलून बघितला, पळत होता. तेवढ्यात वीज गेली. आबांनी टोपी खुंटीला लावली, ब्रशनं कोपरे झाडले, कापड शोधलं. जुन्या धोतराची चिंधी ग्रीसनं, कुंकवानं पार माखली होती. मी म्हटलं, थांबा, देते काहीतरी. पण ते घरात गेले होते. चेन ओढल्याचा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा हातात ते विटलेलं लुगडं होतं. शेडच्या दारात उभं राहून त्यांनी त्याचा पदर दातात धरला आणि टर्रकन फाडला. मालक म्हणाले, "आबा, आईचं हाय ते."

"व्हय," आबा म्हणाले. "तिच्याएवढं मऊ दुसरं कापड न्हाई. धागा सुटत न्हाई हिचा." आणि रेल या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पुसली. कुठं फटीत कुंकवाची एक रेघ राहिली होती, तीही पुसली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बाकीची काढून ठिवलीत खाटंवर. गोधडी टाक शिवायला. थंडी आली."